शिवलेलं पाकीट

१

काजेबाईंच्या गोळ्यांच्या डबीत गोळ्या नव्हत्याच. शर्टाची बटणं होती.

सात कप्प्यांची प्लॅस्टिकची डबी, प्रत्येक झाकणावर वार छापलेला. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारच्या कप्प्यांत दोन-दोन बटणं, पांढरी, चार भोकांची. थोरल्या लेकीने डबी माझ्यासमोर हलवली तेव्हा आतून हुबेहूब गोळ्यांसारखा आवाज आला. आतल्या खोलीत काजेबाई पलंगावर होत्या, चादर हनुवटीपर्यंत ओढलेली. त्याच पहाटे, गुरुवारी, झोपेतच गेल्या होत्या.

"डॉक्टर म्हणाले, औषध बंद झालं म्हणून हृदय थांबलं," लेक म्हणाली. ती शाळेत शिकवते, त्यामुळे रडतानाही वाक्यं पूर्ण करते. "औषधवाला म्हणतो, अकरा आठवडे आईची चिठ्ठी घेऊन कोणी फिरकलंच नाही. आणि मावशी, हे बघा."

तिने टेबलावर एक खाकी पाकीट ठेवलं. वर काजेबाईंच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात 'औषध'. पाकिटाचं तोंड लाल दोऱ्याने शिवलेलं होतं आणि तो टाका कापलेला होता. आत दहाची एक नोट.

"दर आठवड्याला दोनशे ठेवायची आई यात. घरात दोनच माणसं. आई आणि तो." 'तो' म्हणजे तिचा धाकटा भाऊ. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनच्या स्टुलावर तो पाठ करून बसला होता. "तीन वर्षांपूर्वी अख्खा पगार लॉटरीत घालवला होता त्याने. पैसे उचलले आणि आईला कळू नये म्हणून डबीत बटणं भरली. आईची नजर कुठे होती धड! शनिवारी अकराला दफन आहे. त्याने कबूल केलं नाही तर आईच्या पेटीला त्याचा खांदा लागणार नाही. मी सगळ्यांसमोर सांगेन का ते."

मला सगळे ऑडिटरबाई म्हणतात. छत्तीस वर्षं मी लोकांच्या वह्या तपासल्या आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीचा हिशेब फुकटात तपासते. देवावर माझा विश्वास आहे. त्याच्या कारकुनांवर नाही. कुठे काही हरवलं, कुठे कमी पडलं की लोक पाळकांकडे प्रार्थना मागायला जातात आणि मग हळूच माझ्याकडे येतात.

मी डबी उचलून पुन्हा पाहिली. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार हे चार कप्पे रिकामे होते.

"चोराने बटणं भरली, हे एक वेळ पटेल," मी म्हटलं. "पण रोज आठवणीने त्या-त्या वाराची दोन बटणं काढून कोण ठेवत होतं?"

२

मुलगा लाँड्रीत इस्त्री करतो. चाळिशीच्या अलीकडचा, पण हात म्हाताऱ्याचे, जागोजागी भाजलेले. मी समोर बसले तरी त्याने मान वर केली नाही.

"मी घेतले नाहीत," तो म्हणाला. "पण माझं कोण ऐकणार? दुधाने पोळलेली माणसं आहेत ही."

"मी ऐकायला आलेय. रोज सकाळी आई गोळ्या घ्यायची, ते तू पाहिलंस?"

"पाहिलं नाही, ऐकलं. मी शर्ट घालत असायचो. डबीचं झाकण टक् करायचं, मग पाण्याचा ग्लास. मी विचारायचो, घेतल्या का? ती म्हणायची, घेतल्या."

मशीनच्या फळीवर बटणांची काचेची बरणी होती. काजेबाई चाळीस वर्षं एका शिंप्याकडे काजं करत होत्या. शर्टाला सात काजं, कोटाला चार, आणि नजर अधू झाल्यावरही बोटांनी चाचपून टाका घालायच्या. बरणीत रंगीबेरंगी बटणांचा थर होता आणि सगळ्यात वर, कोणीतरी नुकतीच टाकावीत तशी, आठ पांढरी. मी मोजली. चार दिवसांची दोन-दोन म्हणजे आठ.

"बटणं आईनेच भरली होती," मी म्हटलं. "आणि रोज सकाळी तुला ऐकू जावं म्हणून आईच काढत होती. चोराने दहाची नोट मागे ठेवली नसती. तो टाकाही आईनेच कापलाय. कात्रीने अगदी मधोमध."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. सुटल्याचा आनंद नव्हता त्याच्या तोंडावर.

"मग शिवायची कशाला?" तो म्हणाला. "जुलैपासून सगळी पाकिटं शिवायला लागली. देवाचं पांढऱ्या दोऱ्याने, भाड्याचं निळ्या, किराण्याचं हिरव्या, औषधाचं लाल. रात्री उशाखाली घेऊन झोपायची. मी विचारलं नाही. घरात दोनच माणसं, त्यातलं एक पाकिटं शिवतं, तर कशासाठी ते दुसऱ्याला कळतं. मीही मग बोलणं कमी केलं."

थोरली लेक दारात उभी राहून ऐकत होती. "उशाखाली एक अजून आहे," ती म्हणाली आणि आत जाऊन घेऊन आली.

ते मंडळीचं छापील पाकीट होतं, येत्या रविवारच्या अर्पणाचं. तोंडाला पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका. मी कात्री मागितली. आत दोनशे नव्वद निघाले. काजेबाईंना आठवड्याला हजार मिळायचे, दर बुधवारी. त्यांचा दशांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, शंभर होता, एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही.

३

इथे आमच्या मंडळीची रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे.

आमच्यात दशांश गुप्त असतो. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, असं प्रभूने सांगितलंय, ते आम्ही फार मनावर घेतलंय. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला बावन्न पाकिटांचा एक डबा मिळतो. पाकिटावर नाव नसतं, कोपऱ्यात बारीक क्रमांक असतो. कोणाचा क्रमांक कोणता, हे एका छोट्या वहीत असतं आणि ती वही फक्त खजिनदारांकडे. देणाऱ्यालाही आपला क्रमांक लक्षात ठेवायचं कारण नसतं. जुलैत प्रत्येकाला बंद पाकिटात एक चिठ्ठी येते, तिच्यावर नाव आणि सहा महिन्यांची बेरीज. त्याबद्दल कोणी कोणाशी बोलत नाही. आपण किती दिलं हे सांगणं म्हणजे बढाई, आणि किती मांडलंय हे विचारणं म्हणजे अविश्वास.

"आईला चिठ्ठी आली होती?" मी लेकीला विचारलं.

चिठ्ठी काजेबाईंच्या शास्त्रात, बायबलच्या पानांत निघाली, चार घड्या घातलेली. त्यांच्या नावापुढे आकडा होता: दोनशे दहा.

सव्वीस रविवारांचे सव्वीसशे व्हायला हवे होते. मांडले होते दोनशे दहा. म्हणजे तेवीसशे नव्वद कमी. मी चिठ्ठीच्या मागेच आकडेमोड केली. औषधाचे दोनशे अकरा आठवडे दशांशात घातले, तर झाले बावीसशे. उरले एकशे नव्वद. त्यात या आठवड्याचे शंभर मिळवले की दोनशे नव्वद. औषधाच्या पाकिटात दहाची नोट का उरली होती, तेही उलगडलं.

"हप्त्याने फेडत होती," मी म्हटलं. "देवाचं देणं. येत्या रविवारी फिटलं असतं आणि बुधवारी पैसे आले की औषध पुन्हा सुरू झालं असतं."

लेकीने बोटांवर दिवस मोजले. सहा दिवस. म्हातारीला फक्त सहा दिवस कमी पडले, आणि मी तिथे बेरजा करत होते.

"पण आईने कधीच एकाही रविवारचा दशांश चुकवला नाही," लेक म्हणाली. "ती तर घाबरूनच गेली होती चिठ्ठी बघून. सरांकडे गेली विचारायला. सरांनी किती समजावलं तिला! पाकिटं शिवून ठेवायची युक्ती सरांचीच. सर नसते तर या घराचं काय झालं असतं, मावशी? पेटीचा खर्चसुद्धा त्यांनीच उचललाय."

सर म्हणजे आमच्या मंडळीतले पैशाचे गुरुजी. पूर्वी वाणिज्य शाखेच्या शिकवण्या घ्यायचे. दर बुधवारी संध्याकाळी सभागृहात त्यांचा वर्ग असतो: घर देवाच्या रीतीने कसं चालवावं. आधी दशांश, मग बचत, मग खर्च. कर्ज काढू नका, कोणाला जामीन राहू नका, महिन्याचा पैसा पाकिटांत वाटून ठेवा. अर्धी मंडळी त्यांच्या शिकवण्याने सावरली, हे मलाही मान्य आहे. येत्या रविवारी ते मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक म्हणून शपथ घेणार होते.

मी पुन्हा चिठ्ठीकडे वळले. काजेबाई शंभर देत होत्या. वहीत आठवड्याला आठ-दहा मांडले जात होते. अर्पणाची पेटी आणि वही यांच्यामध्ये एकच माणूस असतो. खजिनदार.

४

खजिनदार माझ्याच वयाचे, आणि माझ्याइतकेच तिरसट. शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत जाऊन चिठ्ठी टेबलावर ठेवली तसे ते लालबुंद झाले.

"मी खाल्ले म्हणता? बाई, दोन साक्षीदारांसमोर पाकिटं फोडतो मी. सगळी रक्कम सोमवारी बँकेत. आणि वर्षाच्या शेवटी सही कोणाची असते?"

सही माझी असते. बेरीज पै न पै जुळते म्हणून मी दरवर्षी सही करते. या वर्षीही सहामाहीला मी वही चाळली होती, क्रमांक आणि आकडे, नावं नाहीत. अठ्ठेचाळीस क्रमांकाच्या रांगेत पाच, दहा, दहा, पाच असं पाहून मी म्हटलंही होतं, "हा अठ्ठेचाळीस कोण चिक्कू आहे?" आणि आम्ही दोघं हसलो होतो.

आता मी ते आकडे जोडले. अठ्ठेचाळीसची सहा महिन्यांची बेरीज दोनशे दहा.

"काजेबाईंचा क्रमांक अठ्ठेचाळीस," मी म्हटलं.

खजिनदारांनी नजर चुकवली. म्हणजे होय.

"मग हे पाहा." मी उशाखालचं पाकीट पुढे केलं. भिंगाशिवाय वाचता येणार नाही इतका बारीक क्रमांक होता कोपऱ्यात. सतरा.

त्यांनी भिंग लावून पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हे शिवलेलं पाकीट!" ते म्हणाले. "जुलैपासून दर रविवारी कात्रीने कापतोय मी. मला वाटलं, कोणाची तरी हौस."

"नियमाने रिकामी पाकिटं वर्षभर ठेवता ना? सतराचा गठ्ठा काढा."

नियम माझाच होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. जुलैपर्यंतची पाकिटं साधी होती. पुढच्या अकरा पाकिटांना सुईची भोकं, सगळी एका अंतरावर, काजेबाईंच्या बोटांनी मोजलेली. वहीत सतराच्या रांगेत जुलैपर्यंत शंभर, मग अकरा वेळा तीनशे.

"मे महिन्यात त्या दोन रविवार इस्पितळात होत्या," मी म्हटलं. "मुलगा दोन्ही दिवस त्यांच्या उशाशी. पाहा तर."

खजिनदारांचं बोट रांगेवरून सरकलं. त्या दोन रविवारी सतरा कोरा. तिसऱ्या रविवारी सतराची तीन पाकिटं एकदम. आणि अठ्ठेचाळीस, म्हणजे वहीप्रमाणे काजेबाई, त्या दोन्ही रविवारी उपासनेत हजर होत्या आणि त्यांनी दहा-दहा अर्पण केले होते.

"इस्पितळातून येऊन?" खजिनदार पुटपुटले.

"डब्यांची अदलाबदल झालीय. बाई सतराचा डबा वापरत होत्या, दुसरं कोणी अठ्ठेचाळीसचा. पैसे गेलेच नाहीत कुठे. म्हणून तर मला दिसलं नाही." चोरी झाली होती आणि तिजोरीतला एक पैसाही हलला नव्हता. असं प्रकरण माझ्या अख्ख्या नोकरीत आलं नव्हतं. "जानेवारीत डबे कोणी वाटले?"

"माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी यादी दिली आणि..." ते थांबले.

"वही उघडा. सतरा कोणाचा?"

"बाई, तो नियम आहे. गुपित आहे."

"त्या गुपिताने एक बाई मेलीय आणि तिचा पोरगा उद्या आईला खांदा देऊ शकणार नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी. उघडा."

त्यांनी खणाचं कुलूप काढलं, वही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"त्यांनीच वाटले होते डबे," ते म्हणाले. "आणि मीच पंचांना लिहून दिलं, की यांचं देणं अत्यंत नियमित. जुलैपासून तर तिप्पट झालंय."

५

चूक कोणाचीही होऊ शकते. दोन डबे एका टेबलावर, एक हात इकडचा तिकडे गेला, झालं. कोर्टात उभं केलं तर सर हेच म्हणतील आणि सुटतील. मी दुपारी सभागृहात गेले तेव्हा माझ्याकडे फक्त एकच प्रश्न होता.

सर फळा पुसत होते. बुधवारच्या वर्गातले तीन शब्द अजून दिसत होते: देवाचं, घरचं, गरजवंतांचं. पाळक पुढच्या बाकावर बसून दफनविधीचा कागद लिहीत होते. शास्त्रपाठ सरच वाचणार होते. खजिनदार माझ्यामागून आले आणि त्यांनी दार लावलं.

"सर," मी म्हटलं, "जुलैत तुम्हालाही चिठ्ठी आली असेल. किती होते त्यात?"

डस्टर फळ्यावरच थांबलं. "ते मी सांगू नये आणि तुम्ही विचारू नये."

"मी सांगते. सव्वीसशे. आणि तुम्ही दिले होते दोनशे दहा. बाकी कोणाला कमी आले असतील हे कळत नाही, पण आपल्याला जास्त आलेत हे ज्याला त्याला कळतं. तुम्ही बोलला का नाहीत?"

पाळकांनी पेन खाली ठेवलं. सर वळले. इतका नीटनेटका माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि ती इस्त्रीही त्या पोराच्याच लाँड्रीतली असणार.

"शिकवण्या बंद पडल्या," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. घराचे हप्ते होते. तीन ठिकाणांहून उचललेत. दर बुधवारी इथे उभा राहून सांगायचो, कर्ज काढू नका, आणि घरी जाऊन फोन बंद करून बसायचो. पाकीट तर टाकायला हवं, लोक बघतात. दहा टाकायचो. कधी पाच."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण माझ्या जिभेवर आली होती, पण त्यांचा चेहरा पाहून मी ती गिळली. एवढ्यापुरती मला त्यांची दयाच आली होती.

"मग चिठ्ठी आली. पूर्ण सव्वीसशे. मी गुडघ्यांवर बसलो, ऑडिटरबाई. खरं सांगतो. मला वाटलं, देवाने माझी लाज राखली."

"देवाने नाही. काजेबाईंनी राखली. आणि हे तुम्हाला आठ दिवसांत कळलं, कारण त्या चिठ्ठी घेऊन तुमच्याकडेच आल्या."

त्यांनी डस्टर टेबलावर ठेवलं.

"एक वाक्य पुरलं असतं. 'डबे बदललेत, खजिनदारांना सांगतो.' तुम्ही काय सांगितलंत?"

"तेव्हा पंचांच्या निवडीचं चाललं होतं," सर म्हणाले. "पंच झालो असतो तर मंडळीच्या शाळेतली नोकरी... सगळं फेडलं असतं. आधी तिचंच फेडणार होतो."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, आधी देवाचं पूर्ण करा, औषधपाण्याची सोय तो करेल. आणि म्हटलं, घरातल्या घरात कोणी हात घालत नाही ना, ते बघा. पाकिटं शिवून ठेवा."

"पोराचं नाव घेतलंत?"

"नाही! नाव नाही घेतलं."

"घ्यायची गरजच नव्हती. त्या घरात दोनच माणसं आहेत."

खजिनदार भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं. पाळक उठून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, झालं ते वाईटच झालं. पण परवा शपथविधी आहे. हे बाहेर गेलं तर उद्यापासून दशांश कोण देईल? आपण आतल्या आत मिटवू. त्या मुलाशी मी बोलतो."

"काय बोलणार? की तू निर्दोष आहेस, पण कोणाला सांगू नकोस?" माझा आवाज चढला. देवाच्या घरात चढू नये इतका चढला. "ती म्हातारी विचारायला लाजली, कारण आपण सगळ्यांनी तिला शिकवलं होतं की विचारणं पाप आहे. मी एकदा डोळे झाकून सही केलीय. आता नाही करणार. उद्या अकराच्या आत यांनी स्वतःच्या तोंडाने त्या दोघांना सांगायचं. नाहीतर शास्त्रपाठाच्या जागी मी उभी राहून वही वाचेन."

६

शनिवारी साडेदहाला सर त्या घरी गेले. मी दाराबाहेर थांबले होते. आतून आधी त्यांचा आवाज आला, वर्गात असायचा तसाच स्पष्ट. नंतर थोरल्या लेकीचा आवाज आला, "पेटीचे पैसे मी परत करीन. आजच करीन." सर खाली मान घालून माझ्या बाजूने निघून गेले. रविवारी शपथविधी झाला नाही. कारण म्हणून प्रकृतीचं सांगण्यात आलं, आणि प्रकृतीसाठी प्रार्थनाही झाली.

लेकीने भावाचा हात धरून त्याला पेटीच्या पुढच्या कोपऱ्याशी नेलं, सगळ्यांसमोर. ती काहीतरी बोलायला गेली, पण या वेळी तिचं वाक्य पूर्ण झालं नाही. त्याने खांदा दिला. जे गुरुवारपासून त्याच्याकडे तिरकं बघत होते त्यांनीच आता त्याच्या पाठीवर हात ठेवले.

दफन झाल्यावर लोक पांगले. तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. हाताची माती त्याने झटकली नव्हती.

"मावशी, एक विचारू? आईला कळलं होतं का? की मी नव्हतो?"

मी खोटं बोलू शकले असते. ऐकायला कोणी नव्हतं, तपासायला कोणी येणार नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "पण तिने तुझं नाव कोणाकडेही काढलं नाही. तुझ्या बहिणीकडेसुद्धा नाही. तू घेतलेस असं समजून स्वतःच्या औषधातून भरत राहिली. आणि तुला कळू नये म्हणून रोज बटणं वाजवली. तिने माफ केलं होतं तुला."

"मी घेतलेच नव्हते तर माफ काय केलं?" तो म्हणाला.

मग त्याने हाताची माती झटकली.

पंधरा दिवसांनी खजिनदारांनी वही दुरुस्त केली. सतराचे आकडे काजेबाईंच्या नावावर गेले आणि त्यांचं देणं दशांशापेक्षा बावीसशेने जास्त निघालं. पंचांनी ठराव करून ते परत द्यायचं ठरवलं. मंडळीच्या इतिहासात देवाकडून परतावा मिळालेली ती पहिली बाई असेल. मी सही केली, या वेळी प्रत्येक नाव वाचून.

रक्कम पाकिटात घालून खजिनदार स्वतः मुलाकडे घेऊन गेले. त्याच दिवशी दुपारी तो माझ्या दारात आला आणि पाकीट टेबलावर ठेवलं. तोंडाला पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका होता. त्याने घातलेला, म्हणून वाकडा.

"हे तुमच्याकडे राहू द्या," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? तुझ्या आईचे पैसे आहेत. तुझे आणि बहिणीचे."

"ताई म्हणते तू घे. पण मी नाही हात लावणार, मावशी. घरात माझ्याशिवाय आता कोणी नाही. मी हे पाकीट उघडलं, तर आईचं खरं झालं."

चहा घे म्हटलं तर घेतला नाही. लाँड्रीत दुपारचे शर्ट पडले होते, तो गेला. पाकीट माझ्या कपाटात आहे. मी ते उघडून मोजलेलं नाही.